अमॉर्फिसचा 'एलेजी' (१९९६): दोन टोकांच्या मध्ये राहून गेलेला अल्बम

अमॉर्फिस या फिनलंडच्या बँडचा विषय निघाला की कोल्हापूर-सांगलीकडची मेटल, म्हणजे जड गिटारांचं रॉक, ऐकणारी मंडळी दोन टोकांना जातात. जुने लोक १९९४ च्या 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स'वर ठाम असतात. नव्यांचं ऐकणं २००६ च्या 'इक्लिप्स'पासून, म्हणजे गायक टोमी योउत्सेन आल्यावर सुरू होतं. मधला १९९६ चा 'एलेजी' दोघांच्याही यादीत नसतो. माझ्या मते या बँडने लोकगीत आणि मेटल यांचा जो सांधा इथे जुळवला, तो त्यांना आधी किंवा नंतर इतका पक्का जुळलेला नाही. प्रोग्रेसिव्ह फोक मेटल म्हणजे नेमकं काय, हे एकाच अल्बममधून समजून घ्यायचं असेल तर हाच घ्यावा.

आधी माणसं. टोमी कोइवुसारी घोगऱ्या आवाजात गातो आणि ऱ्हिदम गिटार वाजवतो, एसा होलोपाइनेन लीड गिटार, ओली-पेक्का लाइने बेस, किम रांताला कीबोर्ड, पेक्का कासारी ड्रम. शिवाय या अल्बमपासून पासी कोस्किनेन हा साफ आवाजाचा गायक आला आणि सगळं बदललं. १९९४ च्या अल्बममध्ये साफ आवाज तोंडी लावण्यापुरता होता, इथे तो निम्मं ओझं उचलतो.

आता शब्द. 'टेल्स'ची गाणी 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यावर आहेत: वीर, जादू, समुद्र. 'एलेजी'चे शब्द 'कांतेलेतार'मधले आहेत. एलियास ल्योनरोट हा पेशाने डॉक्टर. गावोगाव फिरून त्याने लोकांच्या तोंडची गाणी गोळा केली आणि १८४० मध्ये हा संग्रह छापायला सुरुवात केली. यात वीरकथा कमी आणि रोजचं जगणं जास्त. अनाथ पोर, गरीब-श्रीमंत, किनाऱ्यावर रडणारी बाई, जन्मालाच आलो नसतो तर बरं असं म्हणणारा माणूस. यातली कितीतरी गाणी बायकांची आहेत. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या ज्यांनी वाचल्या वा ऐकल्या आहेत, त्यांना या अल्बमचे विषय परके वाटणार नाहीत. बँडने कीथ बॉस्ली यांचं इंग्रजी भाषांतर वापरलंय, त्यामुळे शब्द हाताशी ठेवून ऐकता येतं. तसंच ऐकावं.

नुसत्या विषयावर हे साम्य थांबत नाही, आणि हा अल्बम मोलाचा वाटतो तो इथेच. फिनिश लोकगीताची ओळ आठ अक्षरांची असते. आपली अष्टाक्षरीही तशीच. त्यांच्या पारंपरिक गाण्यात बहुतेक वेळा पहिली सहा अक्षरं अर्ध्या-अर्ध्या मात्रेची आणि शेवटची दोन एकेका मात्रेची असतात. तीन आणि दोन, मिळून पाच मात्रांचं आवर्तन. चाल लहान, साधारण पाच सुरांत फिरणारी, कारण जुन्या कांतेलेला, म्हणजे त्यांच्या मांडीवरच्या तंतुवाद्याला, तारा पाचच. ओळ एकदा म्हणायची, मग तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत परत सांगायचा. 'एलेजी'मधली गाणी पाच मात्रांत नाहीत, बहुतेक सरळ चारात चालतात. पण होलोपाइनेनच्या गिटारच्या ओळी याच घडणीच्या आहेत. तुकडा छोटा, सुरांचा पल्ला अरुंद, तीच ओळ पुन्हा आणि शेवटाला थोडा फरक. व्हायोलिन नाही, बासरी नाही, मेंढपाळाचं शिंग नाही. लोकगीत चालीतच मुरलेलं आहे. बाकीच्या कितीतरी बँडमध्ये ते भाजीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखं वरवर राहतं.

आता ऐकायचं कसं, कारण चुकीच्या ठिकाणी सुरुवात केल्यामुळेच लोक हा अल्बम अर्ध्यात सोडतात.

एकूण गाणी ११, वेळ तासाभराच्या आत. ॲपवर अकराहून जास्त दिसत असतील तर पुढची जादाची समजा आणि पहिल्यांदा अकरावर थांबा. शफल आणि क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणारी सोय) दोन्ही बंद करा. मग सुरुवात थेट अकराव्यापासून करा: 'माय कांतेले'ची अकूस्टिक आवृत्ती. यात घोगरा आवाज नाही, विजेची गिटार अंगावर येत नाही, कोस्किनेन एकटा निवांत गातो. चाल पाठ होईपर्यंत, म्हणजे दोन-तीनदा ऐका. मग पाचवं गाणं लावा. तीच कविता, तीच चाल, पण पूर्ण मेटलमध्ये आणि दोन्ही आवाजांत. कालेवालात सांगितलंय की त्यातला वीर वाइनामोइनेन याने पहिलं कांतेले मोठ्या माशाच्या जबड्याच्या हाडातून घडवलं. ही कविता म्हणते ते खोटं, हे वाद्य दुःखातून घडलं, त्याचं पोट कठीण दिवसांचं आणि तारा यातनांच्या. अकूस्टिक आवृत्तीत हा आळ शांतपणे येतो, मेटलमध्ये तो तक्रार होऊन येतो. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावर चालीची ताकद कळते: भोवतीचं सगळं बदलूनही ती जागची हलत नाही.

घोगऱ्या आवाजाने दचकणाऱ्यांसाठी एक उपाय. हा आवाज खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या खोट्या स्वरपट्ट्या कंप पावून निघतो. म्हणून त्यात नेमका सूर ऐकू येत नाही, भरड पोत ऐकू येतो. कान त्यात सूर शोधत बसला की दमतो आणि माणूस म्हणतो, नुसती आरडाओरड आहे. कोइवुसारी सुरू झाला की कान गिटारकडे वळवा. त्या वेळी चाल तिथे असते, आवाज तालवाद्याचं काम करत असतो. एकदा ही अदलाबदल जमली की 'ऑन रिच अँड पुअर' सोपं होऊन जातं, आणि त्यातली गिटारची मुख्य ओळ तर डोक्यातून जात नाही.

यानंतर पहिल्यापासून सलग. 'बेटर अनबॉर्न'च्या तोंडालाच सतारीचा रंग आहे. सतारी घडवणारं मिरज पन्नास किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूरकराचे कान तिथे लगेच टवकारतात. तिथल्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण रागदारी शोधू नका, ती तिथे नाही. हा रंग सायकेडेलिक, म्हणजे गुंगी आणणाऱ्या स्वप्नवत रॉकमधून आलाय. किंग्स्टन वॉल या फिनिश त्रिकुटाचा या लोकांवर मोठा परिणाम होता, आणि पुढच्याच वर्षीच्या छोट्या रेकॉर्डवर त्यांनी त्या बँडचं गाणंही केलं. सतारीखालून जड रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, वर येते आणि दोन्ही आवाज आलटून पालटून गाऊ लागतात, ती पहिली दोन मिनिटं नीट ऐकली की पुढच्या अल्बमची भाषा कळते.

'अगेन्स्ट विडोज'कडे थोडं थांबून पाहायला हवं. चाल उडती, अल्बममधली सगळ्यात पटकन आवडणारी, आणि शब्द मात्र विधवेशी लग्न करू नये असं सांगणारे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तो आपल्या तोंडी असताना हे गाणं टोचतं आणि टोचायलाच हवं. लोकगीत म्हणजे गावाचा चांगुलपणाच असतो असं नाही, गावाचा दुष्टावाही त्यात तसाच जपला जातो. आपल्याकडच्या लोकगीतांतही हे आहे. बँडने शब्द सौम्य केले नाहीत. मला तेच बरोबर वाटतं, पण गाणं अर्थ न बघता वाजवत बसू नये.

'द ऑर्फन' हळू सुरू होतं. सहावं 'केअर्स' हा अल्बममधला सगळ्यात मोठा वाद. गाणं भरात असताना मध्येच नाचाच्या इलेक्ट्रॉनिक ठोक्याचा एक तुकडा येतो. १९९६ चा शिक्का त्यावर ठळक आहे आणि तो कानाला खटकतो. तरीही मी तो काढायला सांगणार नाही. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पंधरा मिनिटांचं गाणं आणि सात-आठच्या अवघड तालाचे हिशोब एवढंच नव्हे. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात तीन वेगळ्या खोल्यांतून नेऊन परत मूळ दारात आणून सोडणं, तेही प्रोग्रेसिव्हच, आणि 'केअर्स' ते करतं. सातवं आणि आठवं बरी आहेत. त्यांचा वेग एकसारखा असल्यामुळे मधला भाग जरा सपाट वाटतो, ही अल्बमची खरी कमजोरी. नववं, नावाचंच 'एलेजी', सगळ्यात लांब, सात मिनिटांच्या पुढे. घाई न करता चढत जाणारं. दहावं 'रिलीफ' निव्वळ वाद्यांचं. रांतालाचा ऑर्गन आणि जुन्या सिंथचे आवाज इथे मोकळे ऐकता येतात.

आवाजाची मांडणी आजच्या मेटलइतकी ठासून भरलेली नाही. हलका भाग खरंच हलका आहे, जड भाग खरंच जड. त्यामुळेच काही गोष्टी बिघडतात. मिरवणुकीतल्या डॉल्बीने आपल्या कानाला खालच्या ठोक्याची सवय लावलीय, म्हणून इअरफोनचा बेस बूस्ट बहुतेकांचा कायम चालू असतो. या अल्बममध्ये तसा छाती हलवणारा बेस नाही. बूस्ट चालू ठेवला तर लाइनेचा बेस फुगतो आणि गिटारची ओळ त्याखाली दबते, म्हणजे नेमकी चालच जाते. इक्वलायझर सपाट ठेवा. आवाज गढूळ वाटला तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, त्याहून जास्त छेडू नका. स्पॉटिफायवर आवाजाची पातळी 'लाउड'वर असेल तर ती 'नॉर्मल'वर आणा. 'लाउड'मध्ये लिमिटर, म्हणजे मोठे आवाज दाबणारी सोय, लागतो आणि हलक्या-जड भागांतलं अंतर कमी होतं. गाडीत ऐकायचं तर पन्हाळ्याच्या चढावर 'द ऑर्फन'ची सुरुवात टायरच्या आवाजात बुडते, तुम्ही आवाज वाढवता आणि जड भाग आला की कान बधिर. पहिली ओळख तरी घरात, हेडफोनवर व्हावी.

सीडी इथल्या दुकानांत मिळण्याची आशा धरू नका, ऑनलाइनच मागवावी लागते. जुनी घेताना चकतीची चमकती बाजू बघून खूश होऊ नका. धातूचा पातळ थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे त्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. चकती दिव्यासमोर धरा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर गेलाय आणि तिथे गाणं अडखळणार. चांगली असेल तर एकदाच फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) काढून ठेवा, साडेतीनशे-चारशे एमबीत मावते.

हे परीक्षण वाचणाऱ्यांत गिटार धरणारी पोरं असतील तर त्यांना एक सांगतो. आपल्याकडे हलगीचा लूप टाकला, वर संबळ वाजवलं आणि खाली डिस्टॉर्शन लावलं की फोक मेटल झालं असं समजतात. देवल क्लबसारखी संगीतसंस्था १८८३ पासून ज्या गावात आहे, त्या कोल्हापूरने याहून जास्त मागावं. 'एलेजी'ची पद्धत उलटी आहे. एक अष्टाक्षरी ओवी घ्या. आधी वाद्याशिवाय म्हणा आणि शेवटची दोन अक्षरं कुठे लांबतात ते टाळीवर मोजा. तीच चाल गिटारच्या एका तारेवर बसवा, पाच सुरांबाहेर जाऊ नका. मग खाली पॉवर कॉर्ड द्या, पण दर सुराला कॉर्ड बदलू नका, नाहीतर चाल कॉर्डच्या मागे फरपटते. एका ओळीला एक किंवा दोन पुरे. हलगी घ्यायचीच तर बेस ड्रमच्या ठोक्यावर चढवू नका, दोघांचा टोला एकाच क्षणी पडला की हलगीची कडक टिपरी ऐकूच येत नाही. तिला मधल्या जागा द्या. एवढं करून चाल बिनवाद्याची गुणगुणता आली तर गाणं तयार आहे. नसेल येत, तर वरून काहीही लावून उपयोग नाही.

'एलेजी' अंगवळणी पडल्यावर १९९७ ची 'माय कांतेले' ही छोटी रेकॉर्ड घ्या. त्यात 'द ब्रदर-स्लेअर' आणि त्याचा दुसरा भाग आहे, हॉकविंड या ब्रिटिश बँडचं 'लेव्हिटेशन' आहे आणि किंग्स्टन वॉलचं ते गाणंही. १९९९ चा 'तुओनेला' त्यानंतर. त्यात घोगरा आवाज जवळजवळ संपतो, साकारी कुक्कोचा सॅक्सोफोन आणि बासरी येते आणि बँड रॉककडे सरकतो. तो आधी ऐकलात तर 'एलेजी' उगाच खडबडीत वाटेल, म्हणून क्रम पाळा.