हेल्प डेस्कच्या फॉर्ममधले डिपेंडंट ड्रॉपडाउन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वरच्या फील्डमध्ये ‘हार्डवेअर’ निवडलं की खालच्यात फक्त लॅपटॉप, प्रिंटर, मॉनिटर दिसावेत. ‘प्रिंटर’ निवडला की तिसऱ्यात ‘कागद अडकतो’, ‘छपाई पुसट येते’ एवढंच उरावं. काम इतकंच आहे आणि ते उभं करायला एक दुपार पुरते. आठ महिन्यांत खरा वेळ खाल्ला तो नंतरच्या बदलांनी: पर्यायांची नावं फिरवणं, जुन्या तिकिटांवर (तिकीट म्हणजे नोंदवलेली एक तक्रार) रिकाम्या पडलेल्या जागा निस्तरणं, कोणता नियम कुठे मोडला ते हुडकणं. त्यामुळे इथे बटणं कुठे आहेत यापेक्षा पुढे काय अंगाशी येतं तेच जास्त आहे.

आधी आपलं हेल्प डेस्कचं सॉफ्टवेअर (फ्रेशडेस्क, जिरा, झेनडेस्क वगैरे) हे काम कोणत्या पद्धतीने करतं ते बघा. एका पद्धतीत फील्ड एकच, त्याच्या पोटात झाड, म्हणजे पर्यायाखाली पर्याय. फ्रेशडेस्कचं डिपेंडंट फील्ड या जातीचं. त्यात तीन पातळ्या मिळतात आणि प्रत्येक पातळीला स्वतःचं लेबल देता येतं. जिरामधलं कॅस्केडिंग सिलेक्ट दोनच पातळ्यांवर थांबतं. झेनडेस्कमध्ये साध्या ड्रॉपडाउनच्याच पर्यायात दोनदा अपूर्णविराम टाकला की पायऱ्या तयार होतात, म्हणजे असं:

हार्डवेअर::प्रिंटर::कागद अडकतो
हार्डवेअर::प्रिंटर::छपाई पुसट येते
हार्डवेअर::लॅपटॉप::बॅटरी चार्ज होत नाही

दुसरी पद्धत कंडिशनची. इथे प्रत्येक खालचं फील्ड स्वतंत्र असतं आणि ‘वर अमुक निवडलं तर हे दाखव’ असा नियम लावलेला असतो. वरती ८ पर्याय असतील तर खाली ८ वेगळी फील्डं बनवावी लागतात. बनवताना त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते रिपोर्ट काढताना. एक्स्पोर्टमध्ये ८ रकाने येतात, प्रत्येक तिकिटाच्या ओळीत त्यातला एकच भरलेला, आणि महिन्याचा एक साधा तक्ता काढायला आधी ते सगळे एकत्र करत बसावं लागतं. त्यामुळे वर्गवारीसाठी झाडच घ्यावं. कंडिशन ठेवाव्यात त्या वेगळ्या जातीची माहिती मागण्यासाठी: प्रिंटर निवडला तर सिरियल नंबर, रजेच्या अर्जाची तक्रार असेल तर तारीख. दोन्हींचं मिश्रण चालतं, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी तेच होतं. झेनडेस्कमध्ये एजंट (तिकीट सोडवणारा) आणि ग्राहक (तिकीट टाकणारा) यांच्यासाठी कंडिशन वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. एक बाजू लिहून दुसरी विसरली की ‘मला दिसतंय, ग्राहकाला दिसत नाही’ हा गोंधळ ठरलेला.

झाड मात्र सॉफ्टवेअरमध्ये बसून बनवू नये. स्प्रेडशीट उघडा, तीन रकाने करा आणि शेवटच्या दोन-तीनशे तिकिटांचे विषय वाचत वाचत ते भरा. बऱ्याच जणांचा हात आधी खात्यांच्या यादीकडे जातो आणि पहिली पातळी ‘नेटवर्क टीम’, ‘सर्व्हर टीम’ अशी होऊन बसते. आपलं वायफाय कोणाच्या अखत्यारीत येतं हे तिकीट टाकणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही. शिवाय टीमची फेररचना झाली की सगळं झाड उपटावं लागतं.

आकार गुणाकाराने वाढतो हेही लक्षात असू द्यावं. वर ८, मध्ये ६, खाली ५ म्हणजे २४० टोकं, म्हणजे अगदी शेवटचे पर्याय. महिन्याला ४०० तिकिटं येत असतील तर एका टोकाच्या वाट्याला सरासरी दोनसुद्धा येत नाहीत, आणि मग त्या आकड्यांवरून काही ठरवणं म्हणजे पाण्यावर रेघ. पहिल्या पातळीवर ६ ते ८, दुसऱ्यावर जास्तीत जास्त १०, आणि तिसरी पातळी फक्त जिथे गर्दी आहे तिथे, हे प्रमाण टिकलं. सगळ्या फांद्या सारख्या खोल असाव्यात असा हट्ट धरू नये. पण फांदी दुसऱ्या पातळीवर संपत असेल तर आपलं सॉफ्टवेअर तिसरं फील्ड लपवतं की रिकामं दाखवतं ते आधी पाहून घ्यावं. रिकामं आणि वर सक्तीचं असेल तर फॉर्म पुढेच सरकत नाही.

एक्सेलमध्ये या झाडाची रंगीत तालीम करता येते. डेटा व्हॅलिडेशनमध्ये ‘लिस्ट’ निवडून सोर्समध्ये इनडायरेक्टचं सूत्र द्यायचं, म्हणजे पहिल्या रकान्यात जे निवडलं त्या नावाची रेंज दुसऱ्यात उघडते. रेंजच्या नावात रिकामी जागा चालत नाही, तिथे अंडरस्कोर घालून सूत्रात सबस्टिट्यूटने जुळवून घ्यावं. ही शीट दोन-तीन एजंटांपुढे ठेवा आणि खरी ३० तिकिटं त्यात बसवायला सांगा. एकाच तिकिटाला दोघांनी दोन वेगळी टोकं दिली तर दोष त्या टोकांच्या नावात आहे.

आता यादी साफ करणं. वरवर हे कारकुनी काम वाटतं, पण निम्मी भुतं इथेच जन्मतात. शेवटी राहिलेली रिकामी जागा ट्रिमने जाते. वेबपानावरून चिकटवलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस मात्र ट्रिमला दाद देत नाही. तिचा कोड १६०, ती सबस्टिट्यूटनेच काढावी लागते. लेबलं मराठीत असतील तर आणखी एक खास आपली अडचण आहे. ‘कर्मचाऱ्याचे लॉगिन’ यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला हे दोन वेगळे शब्द, म्हणून इम्पोर्टनंतर एकच पर्याय यादीत दोनदा दिसतो, शोधला तर निम्मीच तिकिटं सापडतात आणि कारण कळत नाही. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची प्रक्रिया) हे दोन एक होत नाहीत. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ असलेली लेबलं एकाच कीबोर्डवरून, एकाच माणसाने टाइप करावीत, किंवा सरळ ‘स्टाफ लॉगिन’ लिहून मोकळं व्हावं.

‘इतर’ची गोष्टही मराठीत जरा निराळी. यादी अकारविल्हे लावली की स्वर आधी येतात आणि ‘इतर’ थेट डोक्यावर जाऊन बसतो. वर दिसलेलं पटकन निवडून मोकळं होणारे भरपूर असतात, आणि बघता बघता सगळ्या फांद्या ‘इतर’ने भरतात. क्रम हाताने लावावा, ‘इतर’ नेहमी तळाशी. कोणत्याही फांदीत ‘इतर’ १५ टक्क्यांच्या वर गेला की ती तिकिटं वाचावीत, त्यात एखादा न दिलेला पर्याय दडलेला असतोच. जिथे प्रत्येक पर्यायामागे टॅग (तिकिटावर लागणारी खुणेची चिठ्ठी) असतो तिथे ‘इतर’चा टॅग फांदीगणिक वेगळा हवा: प्रिंटर_इतर, लॅपटॉप_इतर. दोन फील्डांनी एकच टॅग वापरला तर एकात निवडलेलं दुसऱ्यातही उमटतं आणि ट्रिगर (आपोआप चालणारा नियम) भलत्याच तिकिटावर चालतो.

रचनेतली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लक्षण आणि कारण एकाच झाडात कोंबणं. ग्राहकाला ठाऊक असतं ‘इंटरनेट चालत नाही’. ‘स्विचचा पोर्ट बंद पडला’ हे एजंटला तासाभराने कळतं. फील्ड एकच असेल तर एजंट शेवटी ग्राहकाची निवड पुसून स्वतःची लिहितो, आणि लोक मुळात काय म्हणून येतात याचा पुरावाच उरत नाही. दोन फील्डं ठेवा: ग्राहकाचं लक्षणाचं दोन पातळ्यांचं, आणि एजंटचं कारणाचं, तिकीट बंद करताना भरायचं. बीएमसी रेमेडी या हेल्प डेस्कच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या वर्गवारीसोबत निराकरणाची वर्गवारी वेगळी असते ती उगाच नाही.

सक्तीचं फील्ड करताना ‘कधी सक्तीचं’ हे महत्त्वाचं. ईमेलने आलेलं तिकीट फॉर्ममधून जातच नाही, म्हणून ते फील्ड कोरंच येतं. फॉर्म भरताना सक्ती लावून त्याचा काही उपयोग नाही, सक्ती तिकीट सोडवताना हवी. कित्येक ठिकाणी सक्ती फक्त वरच्या पातळीला लागते आणि खालची रिकामी सोडली तरी तिकीट जातं. हे सेटिंगच्या पानावर लिहिलेलं नसतं, करून बघावं लागतं. एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामशी थेट जोडणी) किंवा इम्पोर्टने येणाऱ्या तिकिटांवरही डोळा ठेवावा. सेल्सफोर्सच्या इम्पोर्टमध्ये फील्डांचं परस्परावलंबन तपासलंच जात नाही, ‘सॉफ्टवेअर’खाली ‘कागद अडकतो’ बिनदिक्कत आत जातं. एकूणच, परस्परावलंबन हा पडद्यावरचा पहारा आहे. मागच्या दाराने येणाऱ्याला तो अडवेल असं गृहीत धरू नये.

एक चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती प्रत्येक बदलानंतर करावी. हार्डवेअर, प्रिंटर, कागद अडकतो असं निवडून तिकीट सेव्ह करा. मग वरचं फील्ड ‘सॉफ्टवेअर’ करा, पुन्हा सेव्ह करा आणि तिकिटाचा इतिहास उघडा. झाडाच्या पद्धतीत खालचं सहसा पुसलं जातं. कंडिशनच्या पद्धतीत फील्ड लपतं, पण आतली व्हॅल्यू तशीच राहू शकते, आणि रिपोर्टमध्ये ती मोजली जाते. हीच चाचणी बल्क एडिटने, एकदम पाच तिकिटांवर.

राउटिंगचे, म्हणजे तिकीट कोणत्या गटाकडे जावं याचे, नियम दुसऱ्या पातळीवर लिहावेत, टोकावर नाही. ‘प्रिंटर’ असेल तर अमुक गट, एवढं पुरतं. टोकांवर लिहिलेले नियम टोक बदललं की आवाज न करता बंद पडतात: चूक दाखवत नाहीत, फक्त तिकिटं कोणाच्याच रांगेत जात नाहीत. म्हणून सगळ्यात शेवटी एक राखीव नियम हवाच: गट रिकामा असेल तर सर्वसाधारण रांगेत टाका. कोणाला कळवायचं असेल तर त्याच नियमात सूचना जोडावी.

नाव बदलण्याआधी, दिसणारं लेबल आणि आत साठवलेली व्हॅल्यू वेगळी आहे का ते बघावं. सर्व्हिसनाऊच्या पर्यायांत ती वेगळी असते, जिरामध्ये पर्यायाला स्वतःचा क्रमांक असतो, झेनडेस्कमध्ये टॅग. अशा ठिकाणी फक्त लेबल बदललं तर जुनी तिकिटं नव्या नावाने दिसतात. टॅगच बदलला तर जुन्या तिकिटांवर जुना टॅग राहतो आणि फील्ड कोरं दिसतं. जिथे मजकूर हीच व्हॅल्यू असते तिथे नाव बदलणं म्हणजे नवा पर्याय बनवणं. आणि पर्याय काढून टाकू नयेत. बंद करायची सोय असेल, जिरामध्ये ती आहे, तर तीच वापरावी. नसेल तर नावापुढे ‘जुने’ लिहून तळाशी ढकलावा आणि त्यावरचं शेवटचं तिकीट बंद होईपर्यंत थांबावं.

प्रत्येक बदलाआधी सगळं झाड सीएसव्हीमध्ये उतरवून तारखेसह ठेवावं. ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली आणि तिला यूटीएफ-८चा बीओएम (फाइलच्या सुरुवातीला असलेली एन्कोडिंगची खूण) नसेल तर देवनागरीचं कडबोळं होतं, आणि तशीच सेव्ह केली तर मूळ मजकूर परत येत नाही. ती डेटा टॅबमधून, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडूनच आत घ्यावी.