काखेतल्या गाठी काढल्यानंतर सुजलेला हात: पट्ट्या, स्लीव्ह, मसाज की पंप?

मावशीला सूज कळली ती बांगडीमुळे. एरवी सहज निघणारी बांगडी साबण लावूनही निघेना. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये तिच्या काखेतल्या बऱ्याच लसिकागाठी (लिम्फ नोड) काढल्या होत्या, वर रेडिएशन. हातातला लसिकाद्रव (लिम्फ, पेशींभोवती जमणारं पाण्यासारखं द्रव) या गाठींतूनच वाहतो. मग तो परत जाणार कुठून? तो साचतो.

अशी सूज नवी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी किंवा आजार उलटलेला नाही, हे ठरल्याशिवाय उपचार निवडण्यात अर्थ नाही.

खरी निवड पट्ट्या आणि स्लीव्ह (हातावर घट्ट बसून दाब देणारी बाही) यांच्यात असते. सूज थोडी असेल, हात उंच ठेवला की उतरत असेल, तर थेट स्लीव्ह चालते. सकाळी घाला, झोपताना काढा, कामं चालू. पण हात जाड आणि बेढब झालेला असताना माप देऊन स्लीव्ह घेऊ नका, पैसे वाया जातात. स्लीव्ह उतरलेली सूज धरून ठेवते. भरपूर साचलेली उतरवणं हे पट्ट्यांचं काम.

पट्ट्या म्हणजे मेडिकलमधलं तपकिरी क्रेप बँडेज नव्हे. इथे कमी ताणली जाणारी पट्टी लागते. स्नायू आकसून फुगला तरी ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे दाब आत जातो आणि द्रव पुढे सरकतो. बोटांपासून सुरुवात, मधे कापूस किंवा फोम, मग थरावर थर, आणि तेही जवळपास दिवसरात्र, दोन ते चार आठवडे. मे महिन्यात मावशी अक्षरशः रडकुंडीला आली होती. कणीक मळणं बंद, अंघोळीला हातावर पिशवी. पण पंधरा दिवसांत मनगटाचं हाड दिसू लागलं. तरी माझं मत पट्ट्यांनाच, फक्त बांधायला घरातलं कुणीतरी शिकलेलं हवं.

मसाजबद्दल गैरसमज फार. ही तेल लावून रगडायची मालिश नाही. १९३०च्या दशकात एमिल व्होडर या डॅनिश थेरपिस्टने बसवलेली ही पद्धत इतकी हलकी आहे की फक्त कातडी सरकते. पट्ट्यांच्या जोडीला थोडा फायदा होतो, तोही सूज कमी असेल तेव्हा जास्त. नुसत्या मसाजवर महिनोन्‌महिने पैसे घालू नका.

पंप, म्हणजे हातावर चढवलेल्या बाहीत हवा भरून दाब देणारं मशीन, सगळ्यात महाग. मशीन बंद झाल्यावर स्लीव्ह घातली नाही तर द्रव परत येतो. गुठळी, हृदय कमजोर किंवा हातात जंतुसंसर्ग असेल तर पंप नकोच.

आणि व्यायाम? ‘त्या हाताने काही उचलू नका’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो. अमेरिकेत १४१ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली छापून आलेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजनं उचलूनही सूज वाढली नाही, उलट ती भडकण्याचे प्रसंग कमी झाले. वजन उचलताना त्या स्लीव्ह घालत होत्या. फिजिओ याला बिनपैशाचा उपाय म्हणून शेवटी सांगतात. मी तो पट्ट्यांच्या बरोबरीने धरेन.

हात लाल, गरम झाला, ताप आला, तर मात्र मसाज, पंप सगळं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्लीव्ह घ्याल तेव्हा दोन घ्या, एक अंगावर, एक दोरीवर. साधारण सहा महिन्यांत ती सैल पडते.