पहिली नोकरी: शोधायची कुठे आणि पगारावर बोलायचं कुठे

निकाल लागला की फोनमध्ये चार ॲप घ्यायची आणि दिसेल त्या जाहिरातीवर ‘अप्लाय’ दाबत सुटायचं, असं बहुतेकांचं चालतं. मग एक फोन येतो, पगाराचा विषय निघतो आणि ‘तुम्ही द्याल ते’ असं तोंडून जातं. पगारावर किती बोलता येईल हे नोकरी कोणत्या वाटेने आली त्यावर बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून या वाटा मी त्याच कसोटीवर एकमेकींशेजारी मांडतो आहे.

कॅम्पस आणि मोठ्या भरतीच्या परीक्षा

आयटी सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या एका वेळी हजारो मुलं घेतात आणि सगळ्यांना वर्षाच्या पगाराचा एकच आकडा देतात. हा आकडा वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथे एचआरशी घासाघीस करून हाती काही लागत नाही, कारण समोरच्या माणसाला तो अधिकारच नसतो. पण एक जागा आहे. टीसीएसच्या एनक्यूटी या भरती परीक्षेत गुणांवरून निन्जा, डिजिटल असे स्तर ठरतात. निन्जाचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आत आणि डिजिटलचं सातच्या आसपास राहिलं आहे, म्हणजे जवळपास दुप्पट. इतका फरक पहिल्या नोकरीत कोणी बोलून मिळवत नाही. ही वाट धरणार असाल तर बोलणीची चिंता सोडा आणि परीक्षेच्या अवघड भागातल्या कोडिंगवर महिने घाला.

नोकरी डॉट कॉम

१९९७ पासून चालू असलेलं हे पोर्टल उमेदवाराला फुकट आहे. पैसे भरतात कंपन्या आणि कन्सल्टन्सीवाले. त्यांना शोधता येणारा बायोडेटांचा साठा हाच इथला खरा माल. ते कौशल्य, शहर, शिक्षण टाकून गाळणी लावतात. म्हणून अर्ज करत बसण्यापेक्षा प्रोफाइलची मथळ्याची ओळ नेमकी लिहिणं आणि प्रोफाइल अधूनमधून अद्ययावत करणं जास्त उपयोगी पडतं. ‘मेहनती, होतकरू पदवीधर’ असं कोणी शोधत नाही. ‘बीकॉम, टॅली, जीएसटी रिटर्न, पुणे’ असं शोधतात. अपेक्षित पगाराचा रकाना भीतीपोटी फार कमी भरू नका, पुढची बोलणी त्याच आकड्यापासून सुरू होतात. मध्यम आणि लहान कंपन्यांच्या जागा इथे भरपूर असतात आणि त्यांच्याकडे पगाराचा पट्टा (किमान ते कमाल) असतो, त्यामुळे बोलायला बऱ्यापैकी वाव मिळतो.

लिंक्डइन

इथे ‘ईझी अप्लाय’ दाबणारे एकेका जागेला शेकड्यांनी असतात. त्यात फ्रेशरचा अर्ज वाचला जाण्याची आशा मी फारशी धरत नाही. पण आपल्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे कंपनी आणि शहर निवडा. कराडच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला सीनियर हव्या त्या कंपनीत बसलेला सापडतो. त्याला दोन ओळी लिहा: ‘दादा, मी आपल्याच कॉलेजचा, यंदाच्या बॅचचा. तुमच्या टीममध्ये टेस्टिंगच्या जागा दिसल्या. दहा मिनिटं बोलता येईल का?’ संकोच नको. कित्येक कंपन्यांत रेफरल, म्हणजे आतून शिफारस, देणाऱ्यालाही बक्षीस मिळतं. शिवाय तिथे फ्रेशरला खरोखर काय देतात, प्रोबेशन (सुरुवातीचा चाचणीचा काळ) संपल्यावर वाढ होते का, हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. कर्मचारी आपले पगार सांगतात त्या ॲम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोर या साइटवरचे आकडे त्याच्या सांगण्याशी ताडून पाहायचे.

इंटर्नशिपची वाट

इंटर्नशालासारख्या ठिकाणी विद्यावेतन बहुधा जाहिरातीतच लिहिलेलं असतं. सुरुवात कमी पैशांची, पण सहा महिने तुमचं काम पाहिलेली कंपनी कायम करते तेव्हा तुम्ही तिच्यासाठी अनोळखी नसता. नवीन माणूस शोधून शिकवायचा खर्च तिला वाचवायचा असतो. पहिल्या पगारावर सगळ्यांत मोकळेपणाने बोलता येतं ते इथे. फक्त ‘कामगिरीनुसार मानधन’ असं लिहिलेल्या विक्रीच्या जागांपासून लांब राहा.

सरकारी पोर्टल

राज्याचं महास्वयंम आणि केंद्राचं शिकाऊ उमेदवारीचं एनएटीएस यांवरच्या प्रशिक्षणाच्या जागांना बोलणी जवळपास नाहीतच, किमान रक्कम नियमाने ठरलेली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले होते. घराजवळ राहून पहिला अनुभव हवा असलेल्या कला-वाणिज्यच्या मुलामुलींनी हे पर्याय पाहावेत.

दोन ऑफर शेजारी ठेवल्या तर

खरी गफलत होते ती इथे. उदाहरण म्हणून पुण्यातल्या दोन ऑफर घेऊ. पहिली ३.६ लाखांची, सगळी ठरलेली रक्कम. दुसरी ४.५ लाखांची, पण तिच्यात ९०,००० व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारी रक्कम), ३०,००० जॉइनिंग बोनस आणि १२,००० विम्याचा हप्ता धरलेला. हे तिन्ही वगळून उरतं ते ठरलेलं. दोन्हींत बेसिक (मूळ पगार) ठरलेल्या रकमेच्या निम्मं आहे आणि पीएफ बेसिकच्या १२ टक्के.

| महिन्याचा हिशोब (रुपये) | ३.६ लाख | ४.५ लाख |
|---|---|---|
| ठरलेली रक्कम | ३०,००० | २६,५०० |
| कंपनीचा पीएफ वाटा | १,८०० | १,५९० |
| ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळायची रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के) | ७२२ | ६३७ |
| ढोबळ पगार | २७,४७८ | २४,२७३ |
| तुमचा पीएफ वाटा | १,८०० | १,५९० |
| व्यवसाय कर | २०० | २०० |
| हातात | २५,४७८ | २२,४८३ |

पेढे वाटले जातात साडेचार लाखांचे आणि खात्यात महिन्याला तीन हजार कमी येतात. (दुसऱ्या ऑफरवर मुलगी असेल तर २५,००० पर्यंतच्या पगाराला महाराष्ट्रात महिलांना व्यवसाय कर माफ आहे, तिचे दोनशे वाचतील. बाकीच्यांना फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे जातात.) एवढ्या पगारावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही, ती काळजी नको. पीएफचा तुमचा वाटा तुमच्याच नावावर जमतो आणि कंपनीच्या वाट्याचा काही भाग पेन्शन योजनेत जातो, त्यांना तोटा समजू नका. पण व्हेरिएबल वर्षअखेरीस किती टक्के मिळतं आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर जॉइनिंग बोनस परत द्यावा लागतो का, हे विचारल्याशिवाय दुसरा आकडा मोठा म्हणू नका. व्हेरिएबल पूर्ण मिळण्याची खात्री सीनियरने दिली, तर दुसरी ऑफर वर्षाच्या हिशोबात पुढे जाऊ शकते. दर महिन्याला भाडं आणि मेस भरायची असेल तर मी पहिली घेईन.

आकडा हलत नसेल तेव्हा

‘बजेट फिक्स आहे’ हे उत्तर फ्रेशरला हमखास मिळतं. तेव्हा बाकीच्या अटींकडे वळा. माझ्या लेखी त्यांत सर्वांत महाग अट नोटीस पिरियडची, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस थांबायचं त्याची. नव्वद दिवसांची नोटीस असेल तर दोन वर्षांनी चांगली संधी आल्यावर पुढची कंपनी तीन महिने थांबत नाही, आणि पगाराची खरी उडी तर त्या दुसऱ्या नोकरीत असते. तीस किंवा साठ दिवस होतील का, निदान प्रोबेशनमध्ये तरी कमी होतील का, हे विचारा. व्हेरिएबलचा काही भाग ठरलेल्या पगारात घालता येईल का, सहा महिन्यांनी आढावा लेखी मिळेल का, गावाहून येण्याचा आणि पहिल्या पंधरा दिवसांच्या राहण्याचा खर्च मिळेल का, हेही विचारण्यासारखं आहे.

बॉण्डची अट, म्हणजे ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे, हलक्यात घेऊ नका. ‘कोर्टात टिकत नाही’ असं मित्र छातीठोक सांगतात, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची किमान सेवा आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. प्रत्येक खासगी बॉण्ड तसाच टिकेल असा त्याचा अर्थ होत नाही, तरी रक्कम आणि मुदत वाचून, पटली तरच सही करा. मूळ गुणपत्रिका मात्र कोणाकडे ठेवायला देऊ नका. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाने आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. दिले गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करा.

कधी आणि कसं बोलायचं

पहिल्या फेरीत आकडा विचारला तर ‘कामाचं स्वरूप कळल्यावर सांगते, तुमचा या जागेचा पट्टा काय आहे?’ एवढं पुरे. बोलायची वेळ ऑफर आल्यापासून होकार देईपर्यंतची. पगाराची पूर्ण फोड मेलवर मागा, हातात किती येतील ते काढा आणि घरी आई-बाबांना सीटीसीऐवजी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) तोच आकडा सांगा. मग फोनवर: ‘मॅडम, मला ही जागा मनापासून हवी आहे. इंटर्नशिपमध्ये मी हेच काम केलं आहे. ठरलेला पगार महिना २८,००० झाला तर मी आजच होकार देते.’ पुढे गप्प राहा. ती शांतता असह्य होते आणि आपणच ‘नाही जमलं तरी चालेल’ म्हणून बसतो. हातात नसलेली दुसरी ऑफर असल्याचं सांगू नका, तिचं पत्र मागतात.

लहान शहरांतून आलेल्या मुलांना, त्यातही मुलींना, भीती असते की जास्त मागितलं तर ऑफरच जाईल. सभ्यपणे एकदा विचारल्यावर बहुतेक ठिकाणी फार तर ‘जमणार नाही’ असं उत्तर येतं. तसं आलं तर विचार करायला दोन दिवस मागून घ्या. जे कबूल झालं ते ऑफर लेटरमध्ये येऊ द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे ‘कागद नंतर बघू’ म्हणणाऱ्या कंपनीत रुजू होण्याआधी तो कागद मागायचाच.