०८४४ ला वळसा: यूकेतल्या महागड्या फोन नंबरांशिवाय दहा महिने

सुरुवात एका सेकंडहँड वॉशिंग मशीनपासून झाली. मशीन मध्येच थांबायला लागलं, तेव्हा दाराच्या आतल्या स्टिकरवरचा ०८४४ चा नंबर मोबाइलवरून फिरवला. २६ मिनिटं फोन चालला, त्यातली वीसेक मिनिटं नुसतं संगीत. महिन्याच्या बिलात या एका कॉलचे १८ पौंड ७२ पेन्स लागले. साताऱ्याला आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तक्रार करायला दोन हजार रुपये? त्यापेक्षा हाताने धुवायचे होतेस."

हिशेब असा आहे. १ जुलै २०१५ पासून इथे ०८४, ०८७ आणि ०९ ने सुरू होणाऱ्या नंबरांच्या कॉलच्या दराचे दोन तुकडे होतात. एक सर्व्हिस चार्ज, जो तो नंबर चालवणारे ठरवतात: ०८४ ला मिनिटाला जास्तीत जास्त ७ पेन्स, ०८७ ला १३. दुसरा अ‍ॅक्सेस चार्ज, जो आपली फोन कंपनी लावते. माझ्या प्लॅनमध्ये तो ६५ पेन्स. म्हणजे मिनिटाला ७२ पेन्समधले फक्त ७ समोरच्याचे, बाकी माझ्याच मोबाइल कंपनीचे! 'अनलिमिटेड मिनिट्स' आहेत ना, या भरवशावर मी होतो. ती ०१, ०२ आणि ०३ ने सुरू होणाऱ्या साध्या नंबरांना लागू पडतात, ०८४ ला नाही. ०८०० मात्र त्याच तारखेपासून मोबाइलवरूनही फुकट आहे.

मग ठरवलं की असा कोणताही नंबर फिरवण्याआधी दोन मिनिटं शोधायचं. दहा महिन्यांत काय चाललं आणि काय नाही, ते सांगतो.

सगळ्यात जास्त वेळा कामी आली ती एका आकड्याची अदलाबदल. ०८४४ च्या जागी ०३४४, ०८४५ च्या जागी ०३४५, ०८७१ च्या जागी ०३७१, पुढचे आकडे तेच. ०३४ आणि ०३७ हे नंबर जुन्या ०८४-०८७ वाल्यांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे भलत्याच माणसाला फोन लागायची भीती नाही. कंपनीने तो ०३ चा नंबर चालू केलेला नसेल तर 'हा नंबर अस्तित्वात नाही' एवढंच ऐकू येतं. वॉशिंग मशीनच्या कंपनीचा ०३४४ पहिल्या फटक्यात लागला. स्वस्त दरवाजा उघडाच होता, स्टिकरवर पाटी तेवढी जुन्या दरवाजाची.

दुसरी युक्ती आम्हा बाहेरून आलेल्यांना आधीच सुचायला हवी होती. ०८ चे बरेच नंबर परदेशातून लागतच नाहीत, म्हणून कंपन्या 'परदेशातून फोन करण्यासाठी' म्हणून +४४ १ किंवा +४४ २ ने सुरू होणारा साधा नंबर देतात. +४४ काढून शून्य लावा आणि इथूनच फिरवा, तो आपल्या फुकट मिनिटांत जातो. बँक कार्डाच्या मागे हा नंबर बहुतेक असतोच. एक गोची आहे: काही ठिकाणी तो थेट स्विचबोर्डला लागतो आणि तिथल्या बाई "तुम्ही मुख्य नंबरवर करा" म्हणतात. अशा वेळी "मी तिथूनच आलोय, बिल भरून" असं सांगून पाहिलं. दोनदा जोडून दिलं, एकदा नाही.

सर्वात मोठा सापळा मात्र सर्च इंजिनवर भेटला. घाईत कंपनीचं नाव टाकलं की वरच्या जाहिरातीत ०८४ किंवा ०९ चा नंबर येऊ शकतो. तो कंपनीचा नसतोच. मधले दलाल आपला कॉल कंपनीच्या त्याच, कित्येकदा फुकट असलेल्या, नंबरला जोडून देतात आणि होल्डचं मीटर त्यांच्या दराने फिरत राहतं. ०९ ला सर्व्हिस चार्जच मिनिटाला ३ पौंड ६० पर्यंत जाऊ शकतो. आता मी जाहिरातीखाली उतरून कंपनीच्या स्वतःच्या पानावरच नंबर बघतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे, फक्त तो कोणी आपणहून सांगत नाही. १३ जून २०१४ पासून, घेतलेल्या वस्तूबद्दल किंवा सेवेबद्दल फोन करणाऱ्या ग्राहकाकडून साध्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही, घेतले तर वरचे पैसे परत मागता येतात. बँका-विमावाल्यांना असा नियम ऑक्टोबर २०१५ मध्ये लागला. माझं मशीन सेकंडहँड, कंपनीशी करार पहिल्या मालकाचा, म्हणून ते १८ पौंड गेलेच. पण नंतर एका जिमने सभासदत्व रद्द करायला ०८७१ चाच नंबर दिला, तेव्हा मी फोन न करता ईमेलमध्ये नियमाचा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी ०१ चा नंबर आला.

लाइव्ह चॅट? फुकट आहे, पण बॉटशी हुज्जत घालण्यात अर्धा तास जातो. मला फोनच बरा वाटतो. टीव्हीवरच्या स्पर्धांच्या ०९ नंबरांना मात्र पर्याय शोधत बसू नका, तिथे नंबर हाच धंदा आहे.

सापडलेले नंबर मी आणि बायको फोनमध्ये नावापुढे 'स्वस्त' लिहून ठेवतो. अशा सतरा नोंदी झाल्यात. गेल्या तीन बिलांत वरचा खर्च एकच दिसला: ७८ पेन्स, ०८७१, एक मिनिट. बस चुकली म्हणून बायकोने स्टॉपवरच्या फलकावरचा नंबर फिरवला होता.