नायगाराकाठचा किल्ला: अमेरिकेतला पाहावा की कॅनडातला?

धबधबा पाहून झाला की बहुतेक लोक माघारी वळतात. गाडीने आणखी अर्धा तास उत्तरेला गेलं, की नदी ओंटारिओ सरोवराला मिळते आणि तिथे दोन काठांवर दोन किल्ले आहेत. अमेरिकेत ओल्ड फोर्ट नायगारा, कॅनडात फोर्ट जॉर्ज. भारतीय पासपोर्टवर नदी ओलांडायची तर दुसऱ्या देशाचाही व्हिसा लागतो, त्यामुळे पुष्कळांची निवड तिथेच होऊन जाते. हा आढावा उरलेल्यांसाठी.

जुनं बांधकाम पाहायचं असेल तर फोर्ट नायगाराच. तिथला ‘फ्रेंच कॅसल’ १७२६-२७ सालचा. त्या भागातल्या मूळ रहिवासी इरोक्वाय लोकांना संशय येऊ नये म्हणून फ्रेंचांनी लष्करी ठाण्याला व्यापारी कोठीचं रूप दिलं. विहीरसुद्धा इमारतीच्या आतच! बाहेरून साधा वाडा आणि आत लढाईची तयारी, ही लबाडी खोल्याखोल्यांतून फिरताना कळत जाते. १७५९मध्ये वेढा घालून इंग्रजांनी किल्ला घेतला, १७९६मध्ये तो अमेरिकेच्या हाती आला आणि पुढे इंग्रज-अमेरिकन युद्धात, डिसेंबर १८१३मध्ये, इंग्रजांनी रात्रीच्या छाप्यात पुन्हा जिंकला. तेव्हा त्यांनी नेलेला प्रचंड झेंडा १९९४ साली स्कॉटलंडहून परत आला. तो आवर्जून पाहा. हवा स्वच्छ असली तर तटावरून सरोवरापलीकडचं टोरांटो दिसतं.

फोर्ट जॉर्ज इंग्रजांनी बांधला तोच मुळी समोरचा किल्ला सोडावा लागला म्हणून. मे १८१३मध्ये अमेरिकन तोफांनी तो भाजून काढला. आज दिसतात ती लाकडी ब्लॉकहाउसं, म्हणजे सैनिकांच्या भक्कम इमारती, १९३०च्या दशकात नव्याने उभारलेली. मूळचं म्हणावं असं फक्त १७९६चं दारूगोळ्याचं कोठार. हे आधी माहीत नसेल तर हिरमोड होतो. पण मोकळं मैदान, उन्हाळ्यातली बंदुकांची प्रात्यक्षिकं आणि चालत जाता येईल असं नायगारा-ऑन-द-लेक गाव यांमुळे मुलं बरोबर असतील तर हाच सोयीचा. बंदुका तशा पलीकडेही उडवतात.

दोन्ही व्हिसा असले तरी माझं मत अमेरिकन काठालाच. हिवाळ्यात तर तोच बरा, कारण फोर्ट जॉर्जचा मुख्य हंगाम मे ते ऑक्टोबर. एरवी तिथे जायचं तर उघडण्याचे दिवस बघूनच निघा.