एनए प्लॉटवर घोडी बांधायची परवानगी म्हणून मला नळाच्या पाण्याचा कागद दिला

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जे कोण एनए (बिनशेती) प्लॉट घेऊन घराच्या बाजूला म्हैस, शेळ्या नाहीतर घोडा ठेवायचा विचार करत असतील त्यांनी हे पूर्ण वाचा. मोठं झालंय पण वाचा. माझ्याकडून एक लाख वीस हजार रुपये काढून घेतले आणि जनावराचे हाल झाले ते वेगळेच, आणि ज्या माणसानं हे केलं तो अजून रोज नवीन लोकांना प्लॉट दाखवत फिरतोय म्हणून लिहितोय.

आधी घोडी कशाला ते सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की हौस म्हणून पैसे उडवले. आमचा आजोबा बेळगावात टांगा चालवायचा, स्टेशनवरून शनिवार खूटापर्यंत. टांगे बंद झाले, घोडा गेला, पण घरात ते वेड राहिलं. आमचे बाबा आम्हाला अंकलीला घेऊन जायचे, शितोळे सरकारांचे घोडे माऊलींच्या पालखीसाठी आळंदीला निघतात तेव्हा बघायला. मी उद्यमबागेत फाउंड्रीत 26 वर्षं काढली, हातात थोडे पैसे आले आणि मुलगा पण म्हणाला की बाबा आपण एक घोडी घेऊया, शिवजयंतीच्या मिरवणुकीला, वरातीला देता येईल, तिचा खर्च तीच काढेल. मिरजेच्या बाजूची पाच वर्षांची घोडी ठरली. आता ठेवायची कुठं, शहरात आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि समोर गटार.

इथं हा एजंट आला. ओळखीतलाच, मराठी बोलणारा, आमच्या गल्लीतल्या दोघा-तिघांना प्लॉट दिलेला. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर एका गावाच्या हद्दीत ले-आउट होता, तिथं तीन गुंठे. मी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की मला घर नंतर बांधायचंय, आधी तबेला आणि दोन म्हशींचा गोठा पाहिजे, ते जमत असलं तरच बोल. तो म्हणाला, "अहो काका एनए आहे ओ, एनए म्हणजे जागा तुमची झाली, तिथं हत्ती बांधा, कोण विचारतंय." मी म्हटलं त्यापेक्षा एखादं शेतच बघतो की थोडं. तर म्हणतो शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही, तुम्ही शेतकरी नव्हे, कर्नाटकात कायदा आहे तसा.

हे पहिलं खोटं. तसा कायदा होता, पण 2020 ला तो बदलला. भूसुधारणा कायद्यातली 79ए आणि 79बी ही कलमं काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्या माणसाला पण शेतजमीन घेता येते. मी 2023 च्या नोव्हेंबरात प्लॉट घेतला, म्हणजे तीन वर्षं होऊन गेली होती आणि मला माहीत नव्हतं. त्याला नक्की माहीत होतं, धंदाच तो त्याचा.

मग मी हट्ट धरला की तोंडी नको, जनावर ठेवायची लेखी परवानगी पाहिजे, त्याशिवाय इसार देणार नाही. तो लगेच तयार झाला. पंचायत, तालुका ऑफिस, बुडा (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) सगळीकडं माझी माणसं आहेत, एक लाख वीस हजार खर्च येईल, त्यात घोडी आणि म्हशी दोन्हीचं होऊन जातंय म्हणाला. ऐंशी हजार रोख दिले, चाळीस फोनपेवर. आठ दिवसांनी मला घेऊन ग्रामपंचायतीत गेला. मला बाहेर बाकड्यावर बसवलं, आत वर्दळ होती, हा आत गेला, पंधरा मिनिटांनी हातात कागद घेऊन आला. लेटरहेड पंचायतीचं, वर जावक नंबर, तारीख, खाली जांभळा गोल शिक्का आणि हिरव्या शाईत सही. सगळं कन्नडमध्ये. "घ्या काका, घोडीची परवानगी आली." त्या रात्री व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पण टाकला, काका घोडीचं आणि म्हशीचं दोन्हीचं काम झालं, आता उद्या रजिस्टरला या. तो मेसेज मी डिलीट केला नाही, हे एकच बरं झालं.

मला कन्नड बोलता येतं कामापुरतं, फाउंड्रीत निम्मी पोरं कन्नडच होती. पण वाचता येत नाही. माझं सगळं शिक्षण मराठी शाळेत झालं. आमच्याकडं माझ्या वयाच्या हजारो लोकांची हीच गोष्ट आहे, मराठीतून कागद मिळावेत म्हणून किती वर्षं मागणी चाललीय ते सगळ्यांना माहीत आहे. तोपर्यंत अशा लोकांना आमची ही अडचण म्हणजे उघडं दार आहे. लाज वाटून आम्ही पण विचारत नाही की यात काय लिहिलंय, मान हलवतो आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. मी पण तेच केलं.

रजिस्टर झालं, साडेएकोणीस लाखाला. जानेवारीत बारा बाय बाराचा तबेला आणि बाजूला पत्र्याचा गोठा घातला, फेब्रुवारीत घोडी आली. राणी नाव ठेवलं. मुलगा सकाळी पाचला उठून जायचा, खरारा, चंदी, पाणी सगळं स्वतः करायचा. तीन-चार महिने फार चांगले गेले, ते मी विसरणार नाही.

मग पाऊस लागला. एक घोडी रोज पंधरा-वीस किलो लीद टाकते, दोन म्हशींचं शेण त्याच्यापेक्षा जास्त, उकिरडा काढायला जागा नाही, आणि ले-आउटचं गटार अर्धवट. मूत आणि पावसाचं पाणी मिळून शेजारच्या प्लॉटच्या दारात जायला लागलं. त्यांच्या घरात चार महिन्यांचं बाळ होतं. माश्या, डास, वास, त्यांची बोअर पण जवळ. त्यांनी आधी चांगल्या शब्दात दोनदा सांगितलं, मी म्हटलं माझ्याकडं परवानगी आहे. त्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की घोड्याला ग्लँडर्स होतो आणि तो माणसाला लागतो. हे खरंच आहे, तो रोग माणसाला होऊ शकतो आणि निघाला तर कायद्यानं कळवावं लागतं, जनावर मारावं लागतं. आमच्या राणीला काही नव्हतं, पण घेताना रक्त तपासलेला कागद एजंटनं "मी बघतो" म्हणून राहूनच गेला होता, त्यामुळं मला दाखवायला काहीच नव्हतं. मी त्या शेजाऱ्यांवर अजिबात राग धरत नाही, बाळ माझं असतं तर मी पण तेच केलं असतं.

ऑगस्टमध्ये पंचायतीची नोटीस आली. मी तो कागद काढला आणि ऐटीत जायला निघालो. भाचीची मुलगी त्या दिवशी घरी होती, नववीला, शाळेत कन्नड आहे तिला. सहज म्हटलं वाच गं जरा, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना काय दाखवायचं ते कळू दे. तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आजोबा यात कुदुरे, म्हणजे घोडा, कुठंच नाही." मी म्हटलं बघ नीट. "एम्मे, म्हणजे म्हैस, पण नाही. जानुवारु, म्हणजे जनावर, पण नाही. यात कुडियुव नीरु आहे, नळ आहे. आणि इथं वासद उद्देशक्कागि मात्र असं लिहिलंय." म्हणजे पिण्याच्या पाण्याचं कनेक्शन, ते पण फक्त राहण्याच्या वापरासाठी. माझ्या हातात आठ-नऊ महिने जे होतं ते नळ जोडायला हरकत नाही असं पत्र होतं, माझ्याच प्लॉट नंबरचं, खरं पत्र, खरी सही, खरा शिक्का. त्या पोरीचं बोट त्या ओळीवर होतं आणि मला पुढं काही बोलायलाच सुचेना.

पंचायतीत जाऊन जावक रजिस्टर बघायला मागितलं. तो नंबर नळाच्याच पत्राचा होता. जनावराच्या परवानगीचा अर्जसुद्धा आमच्या नावावर कधी आलेला नव्हता.

आता जे मला नंतर एका रिटायर तलाठ्यांनी समजावून सांगितलं ते सांगतो, हेच आधी माहीत असतं तर एक रुपया गेला नसता. आपण समजतो एनए म्हणजे जमिनीला जास्तीचे हक्क आले. जनावरांच्या बाबतीत ते उलट आहे. 1961 च्या भूसुधारणा कायद्यात शेतीची जी व्याख्या आहे त्यातच डेअरी, कोंबड्या, जनावरांची पैदास, चराई हे सगळं येतंय. आणि 1964 च्या महसूल कायद्याच्या कलम 95 प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतीच्या कामाचा गोठा, शेड घालायला एनए लागत नाही. एनए लागतं शेती सोडून दुसऱ्या कामाला. मग डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसमधून रहिवासासाठी म्हणून एनए ऑर्डर निघाली की ती जमीन त्याच कामाला वापरायची ही अट त्या ऑर्डरमध्येच असते, मोडली तर दंडाचं कलम 96 आहे. म्हणजे साध्या शेतात जे चाललं असतं तेच मी गुंठ्याला साडेसहा लाख मोजून स्वतःच्या हातानं बंद करून घेतलं. बुडाच्या हद्दीत असेल तर आराखड्यात झोन कुठला ते पण बघावं लागतं. महापालिकेच्या हद्दीत तबेला-गोठ्याला त्यांचं लायसन्स लागतं. आणि गावठाणात पिढ्यानपिढ्या लोक म्हशी बांधतात ते खरं, पण शेजाऱ्याला त्रास झाला आणि त्यानं तक्रार केली तर तिथं पण पंचायत नोटीस काढू शकते, आणि तहसीलदारांपुढं गेलं तर सार्वजनिक उपद्रव म्हणून हटवायचा आदेश निघू शकतो, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 152 आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत ते 133 होतं. म्हणून "अख्खं गाव बांधतंय की" हे कुणी म्हटलं तर त्यावर जाऊ नका.

एजंटला फोन केला तर आधी उचलला, म्हणाला काका तुम्हीच चुकीचा कागद घेतला असणार, मी बघतो. मग उचलायचं बंद. पोलिसात गेलो. तिथं पहिला प्रश्न, कागद खोटा आहे काय? खोटा नव्हता, तीच त्याची हुशारी. खोटा शिक्का मारला असता तर तो बनावट कागदात अडकला असता. त्यानं खराच कागद काढला आणि फक्त तोंडानं खोटं बोलला. दोनदा मला "हे सिव्हिल आहे, कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा एका ओळखीच्या वकिलांना घेऊन गेलो, त्यांनी तो व्हॉइस मेसेज ऐकवला आणि फोनपेचे चाळीस हजार दाखवले, त्याच आठवड्यातले. तेव्हा कुठं फसवणुकीच्या 420 कलमाखाली अर्ज घेतला. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला, आणि ह्या वेळी मी सही करायच्या आधी त्या पोरीकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. अर्ज गेल्यावर तीन दिवसात एजंटकडून चाळीस हजार परत आले. रोख दिलेल्या ऐंशी हजारांचा तो विषयच काढत नाही, कारण त्याचा कागद नाही, पावती नाही, त्या वेळी सोबत कोण नव्हतं.

कोण घेत असेल तर हात जोडून सांगतो, रोख देऊ नका, आणि परवानगीचा अर्ज तुमच्या स्वतःच्या सहीनं द्या, पोच घ्या, एजंटला आत पाठवून बाहेर बाकड्यावर बसू नका. एनए ऑर्डरची नक्कल मागा आणि कुठल्या कामासाठी दिलीय तेवढी ओळ कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. जनावरासाठीच जागा पाहिजे असेल तर शेतच बघा, पण सर्व्हे नंबरचा तुकडा घेताना 11ई नकाशा (त्या तुकड्याचा मोजणी खात्याचा नकाशा) झालाय का बघा, तो नसला तर रजिस्टर होत नाही आणि मग परत दुसरा कोणीतरी वटमुखत्यारपत्र करून देतो म्हणून येतो, ती आणखी मोठी विहीर आहे. आणि घोडा घेताना रक्त तपासल्याचा कागद जनावराच्या डॉक्टरकडून स्वतः घ्या, विशेषतः महाराष्ट्रातून बॉर्डर ओलांडून आणत असला तर.

गोठा सप्टेंबरात काढला. म्हशी पडेल त्या भावात विकल्या. राणीला खानापूर तालुक्यात बायकोच्या मामांच्या शेतात नेऊन ठेवलंय, तिथं शेड घालायला कुणाची हरकत नाही. जाताना गाडीत चढेना, मुलगा तासभर तिच्या मानेवर हात ठेवून उभा होता. आता तो दर रविवारी जातो.

आमच्याच ले-आउटमध्ये आणखी दोन घरांनी शेळ्यांसाठी त्याच माणसाला पैसे दिले होते. त्यांचे कागद त्या पोरीनं वाचले, एक नळाचा आहे, दुसरा घर नंबरचा. तिघांचा मिळून अर्ज पुढच्या सोमवारी वकील घालणार आहेत.