औपचारिक कँटनीज शिकवणारे ॲप: वर्षभराच्या वर्गणीनंतरचा अनुभव

वर्गणीचे आपोआप नूतनीकरण होऊन पैसे खात्यातून गेले आणि ग्राहकसेवेने परतावा नाकारला, म्हणून हे लिहीत आहे. ॲप कोणते, हे हाँगकाँगमध्ये नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींना सांगण्याची गरज नाही. ज्युतपिंग (कँटनीज उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत) आणि उच्चारातल्या सहा सुरांच्या सरावाबद्दलही नव्याने लिहिण्यासारखे काही नाही.

माझा राग आहे तो एका शिक्क्यावर. रोजच्या बोलीपेक्षा वेगळा असलेला प्रत्येक शब्द हे ॲप 'औपचारिक' म्हणून मोकळे होते. कँटनीजमध्ये मात्र अदबीने बोलणे वेगळे आणि लिखित भाषेतला शब्द तोंडी वापरणे वेगळे. मरण्याला साधा शब्द 'सेय'. सहकाऱ्याचे वडील गेले असतील, तर 'क्वो सान' म्हणावे. 'साय साय' शोभतो तो बातमीपत्रात आणि निधनवार्तेत. ॲपने हे शेवटचे दोन्ही शब्द एकाच पंगतीला बसवले आहेत! मेट्रोच्या दारापाशी ऐकू येणारी 'चिंग मात काऊ कान छे मून' (कृपया दाराजवळ येऊ नये) ही सूचना तर चक्क संभाषणाच्या धड्यात आहे. समोरच्या माणसाला काही करू नका असे सांगताना त्यातला 'मात' (नये) कोणी म्हणत नाही, तिथे 'म होउ' (नको) येते. शेजाऱ्याला 'येथे उभे राहू नये' असे सुनावण्यातला हा प्रकार आहे.

पैसे पाण्यात गेले, असे माझे मत जवळजवळ पक्के झाले होते. रेडिओवरच्या बातम्या नियमाने ऐकू लागल्यावर ते थोडे बदलले, कारण 'आत्ता'साठी सगळे 'यी का' म्हणत असताना निवेदक 'यिन सी' म्हणतो आणि असे शब्द ॲपमुळेच कानाला ओळखीचे झाले होते. शिष्टाचाराचे धडेही खरोखर चांगले आहेत. उपाहारगृहात वेटर किती जण आहात हे 'केय वाय' असे अदबीने विचारतो, पण 'वाय' हा मान दुसऱ्याला द्यायचा असल्याने स्वतःबद्दल 'साम को', म्हणजे तिघे, असे साधे उत्तर द्यावे, हा जुना संकेत तिथे नीट समजावला आहे. हल्ली बरेच स्थानिक लोकही तो पाळत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

'औपचारिक'चे बोली आणि लिखित असे दोन भाग करा, असे मी ग्राहकसेवेला उदाहरणांसह कळवले. त्यावर अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवल्याचे ठरावीक उत्तर आले. घ्यायचेच असेल तर मासिक वर्गणी घ्यावी, आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करावे आणि शिष्टाचाराचे धडे तेवढे उरकून घ्यावेत.